रॉड तुटतो तो ओढला जाऊन (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी 4340 स्टीलच्या फोर्ज्ड (दाबून-ठोकून घडवलेल्या) कनेक्टिंग रॉडबद्दल, म्हणजे पिस्टनला फिरणाऱ्या क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याबद्दल लिहिलं होतं, आणि त्यावरचा ताण आरपीएममुळे (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) वाढतो असंही. तुमचं म्हणणं असं की कंपनीतून येणारे कनेक्टिंग रॉडसुद्धा फोर्ज्डच असतात मग मी नवीन काय सांगितलं, आणि ताण वाढतो तो पॉवरमुळे, आरपीएमचं मी उगाच मोठं केलंय.

पहिलं एकदम मान्य, लेखात ते स्पष्ट लिहायला हवं होतं. नुसत्या 'फोर्ज्ड' शब्दावरून काही कळत नाही. कितीतरी गाड्यांत सी70 स्टीलचा फोर्ज्ड रॉड येतो, त्याचा बिग एंड (क्रँकशाफ्टकडचं मोठं टोक) मुद्दाम तडकवून वेगळा केलेला असतो म्हणजे त्याचा सुटा अर्धा भाग, कॅप, परत तंतोतंत त्याच जागी बसते, आणि रोजच्या वापराला तो उत्तमच. मी बोलत होतो ते 4340 बद्दल, निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनमवालं स्टील, घडवून, तापवून झटकन थंड करून, टेंपर करून (ठिसूळपणा जावा म्हणून परत थोडं तापवून), सगळीकडून मशीनिंग करून मग शॉट पीनिंग, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा. हे पीनिंग लोक विचारतच नाहीत, पण फटीगचा (पुन्हापुन्हा ताण बसून धातू थकण्याचा) तडा बहुतेक वेळा वरच्या बारीक ओरखड्यापासूनच सुरू होतो आणि पीनिंगने वरचा थर कायम दाबलेला राहतो, त्यामुळे तडा सहजासहजी उघडत नाही.

दुसरं मात्र पटलं नाही. पॉवरसाठी सिलिंडरमधला दाब वाढवला की तो रॉडला दाबतो, आणि दाब स्टील बऱ्यापैकी सोसतं (कमी आरपीएमला टर्बोचा टॉर्क (फिरवणारा जोर) एकदम आला की रॉड वाकतो, ते खरंय). पण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या (जळलेला वायू बाहेर ढकलताना पिस्टन वर जातो त्या धावेच्या) शेवटी पिस्टन वर जाऊन थांबतो तेव्हा वरून गॅसचा दाब जवळपास नसतो, त्याला खाली खेचायचं काम एकट्या रॉडचं. 86 मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव), 143 मिमीचा रॉड, आणि पिस्टन, पिन, रॉडचं वरचं टोक मिळून 600 ग्रॅम धरा. 6000 आरपीएमला ही ओढ साधारण 1.35 टन वजनाएवढी येते, 8000 ला 2.4 टन! ती आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, पॉवर तेवढीच ठेवली तरी, आणि 8000 ला ही ओढ मिनिटाला 4000 वेळा बसते.

तुम्ही दिलेलं एनएसएक्सचं, होंडाच्या स्पोर्ट्स कारचं, उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. होंडाने 1990 मध्ये त्यात टायटॅनियमचे रॉड टाकले ते वजन कमी करून इंजिन 8000 पर्यंत फिरवता यावं म्हणूनच.

आता ज्याची मला खरंच काळजी वाटली ते. तुम्ही लिहिलंय की रिबिल्ड करताना (इंजिन उघडून परत बांधताना) जुनेच रॉड बोल्ट परत घालणार, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळले की झालं. प्लीज नका करू असं. ती सगळी ओढ शेवटी बिग एंडच्या दोन बोल्टवरच येते, बोल्टचा ताण त्या ओढीपेक्षा कमी पडला की कॅप प्रत्येक फेरीला केसभर उघडते आणि बोल्ट थकून तुटतो. रेंचवर दिसणारा बहुतेक टॉर्क घर्षणातच जातो, वंगण बदललं की तोच आकडा वेगळा ताण देतो. म्हणून स्ट्रेच गेज (बोल्ट किती लांबला ते मोजायचं साधन) घ्या, बोल्ट मोकळा असताना लांबी मोजा, आवळल्यावर परत मोजा, बोल्टवाल्याने दिलेल्या आकड्याएवढा लांबला की थांबा. सोडवल्यावर मूळ लांबीवर आला नाही तर तो बोल्ट फेकून द्या, दिसायला कितीही नवा असला तरी. माप घेतलंत की आकडे इथे टाका, आपण बसून बघू.