भाड्याने न मिळणारा पोशाख

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत दर ८ मार्चला मुलींची वेशभूषा स्पर्धा असते. यंदा परीक्षक म्हणून मला बसवलं. चार जिजाऊ, पाच सावित्रीबाई, तीन झाशीच्या राण्या. (एकीचा घोडा म्हणून आणलेला धाकटा भाऊ स्टेजवरच रडायला लागला, तिला मी गुपचूप दोन गुण जास्त दिले.) एक आनंदीबाई जोशीही होती. कल्याणची लेक म्हणून टाळ्या जरा जास्तच.

नंतर एका आईला विचारलं, सगळ्या त्याच त्याच का गं? म्हणाली, "काकू, नौपाड्यातल्या ड्रेसवाल्याकडे जे शिल्लक होतं ते आणलं."

तिचं काय चुकलं? पण मला वाटतं, आपली आठवणसुद्धा त्या ड्रेसवाल्याकडूनच येते. जिचा पोशाख भाड्याने मिळत नाही, ती बाई आपल्या हिशेबातच नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचंच बघा. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंची बहीण. १९३३ मध्ये बीएस्सी करून बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची भारतीय विज्ञान संस्था) गेल्या. वडील आणि काका तिथेच शिकलेले. पण संचालक सी. व्ही. रामन यांनी, मुलगी आहे म्हणून, चक्क नाही म्हटलं. या हटल्या नाहीत. शेवटी घेतलं ते अटी घालून: वर्षभर काम बघू, मगच प्रवेश पक्का. नोबेल मिळालेल्या माणसाचं हे वागणं आपण अजूनही 'त्या काळात तसंच होतं' म्हणून सोडून देतो. मला ते पटत नाही. नाही ऐकून गप्प न बसणारी मुलगीही त्याच काळातली होती की!

पुढे केंब्रिज. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनात लागणारं एक प्रथिन) त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली, जेमतेम ४० पानांच्या प्रबंधावर. परत येऊन मुंबईच्या विज्ञान संस्थेत डाळी, तांदळाचं पीठ आणि नीरा यांतलं पोषण तपासत बसल्या. नीरेचं काम राजेंद्रप्रसादांनी सुचवलेलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना ती उपयोगी पडते, हे त्यातून दिसलं. जव्हार-मोखाडा २०१४ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, त्यामुळे कुपोषण म्हणजे काय हे ठाणेकरांना सांगायला नको. नंतर त्या ग्राहक चळवळीतही उतरल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या चिमुरडीला हे सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी ती कमलाबाई होणार आहे. साधी साडी आणि हातात नीरेचा ग्लास. नीरा आणायची जबाबदारी माझी. अडचण एकच, कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. तोवर तिची ताडी झालेली असेल.