फलाट क्रमांक सहा

आत्ता दूध आणायला खाली उतरलो, तर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यातच गाठलं. "तुमचा कॉम्प्युटर म्हणे तात्यांनी दुरुस्त केला? या वयात! कमाल आहे हो त्यांची." मी "हो ना" म्हणालो. दुधाची पिशवी हातात फुटायचीच काय ती बाकी होती.

तात्यांनी काहीही दुरुस्त केलेलं नाही. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे सांगता येईल.

माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर तीन ऑपरेटिंग सिस्टीम नांदत होत्या. एक विकतची, एक फुकटची, आणि तिसरी लॉकडाउनमध्ये हौसेनं घातलेली, जिचं तोंड मी नंतर दोनदाही पाहिलं नाही. विकतची ठेवावीच लागते. सोसायटीची सगळी कागदपत्रं आधीच्या सेक्रेटरींनी अशा एका मराठी फॉन्टात टाइप करून ठेवली आहेत, की तो फॉन्ट नसला तर 'वार्षिक सर्वसाधारण सभा'च्या जागी कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं उगवतात. कुठल्याही लिपीतल्या अक्षराला एकच ठरलेला आकडा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली आली. त्या वर्षी जन्मलेल्यांची केसं पिकायला लागली, पण आपल्याकडे अजून "फॉन्ट सोबत पाठवला आहे" चालूच. असो. शिव्या द्यायला जागा कमी आहे.

जागा डिस्कवरही कमी होती. म्हणून शनिवारी रात्री विकतचीत बसून मी ती तिसरी पुसली आणि सुखानं झोपलो. रविवारी सकाळी बटण दाबलं तर काळा पडदा. वर 'नो सच पार्टिशन', खाली 'ग्रब रेस्क्यू', आणि शेजारी लुकलुकणारी रेघ. रेस्क्यू म्हणे! कोणी कोणाला वाचवायचं, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

नेमके तेव्हाच तात्या आले. तात्या आमचे चेअरमन. 30 सप्टेंबरच्या आत सभा, सभेआधी पूर्ण 14 दिवस नोटीस, आणि त्या नोटिशीवर सही करायला खिशाला पेन. तात्या एसटीत वाहतूक नियंत्रक होते, कराड स्टँडवर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण घशातला भोंगा अजून उतरलेला नाही. "चहा चालेल" हेसुद्धा ते असं सांगतात, की समोरच्या इमारतीतली माणसं पिशव्या उचलून उभी राहतील.

"काय झालंय?"

थोडक्यात सांगून कटवावं म्हटलं, तिथंच चुकलं. "तात्या, कॉम्प्युटर चालू होताना एक छोटा प्रोग्राम असतो, बूटलोडर. कुठली सिस्टीम कुठं आहे ते त्याला ठाऊक असतं. आपण सांगू ती तो सुरू करून देतो आणि बाजूला होतो."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे वाहतूक नियंत्रक."

"तसंच काहीसं."

"काहीसं नाही, तोच. गाड्या आहेत, फलाट आहेत, केबिनमधला माणूस भांबावलाय. जागा किती देता त्याला बसायला?"

"डिस्कच्या अगदी सुरुवातीला 512 बाइट. त्यातले याचे 446."

"मराठीत सांगा."

"मराठीतच सांगायचं तर एका अक्षराला तीन बाइट लागतात, काना-मात्रेला वेगळे तीन. दीडशे चिन्हंसुद्धा मावत नाहीत. म्हणून त्याचं थोडं सामान शेजारी असतं आणि उरलेलं फुकटच्या सिस्टीमच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या तिच्या भागावर. तेच पार्टिशन त्याला सापडत नाहीये."

"आम्हाला निदान स्टूल होतं," तात्या हळहळले. "कितव्या फलाटावर शोधतोय तो?"

"सातव्या."

"आणि फलाट आहेत किती?"

मी यादी मागायला 'एलएस' टाइप केलं. यादी सहावर संपली. आणि मला उलगडा झाला. विभागणीची ही पद्धत 1983ची, कपिलदेवनं वर्ल्ड कप उचलला त्या वर्षातली. तेव्हा डिस्कचे चारच भाग पाडता यायचे. पुढं त्यातल्या एकात पोटखोल्या काढायची सोय झाली आणि त्यांचे नंबर पाचपासून लावले. मी पुसली ती नेमकी पाचवी खोली. ती गेल्यावर सहावीची झाली पाचवी, सातवीची सहावी. हे ग्रबला, म्हणजे आमच्या बूटलोडरला, कोणी कळवलंच नाही. तो बिचारा सातव्या दारावर थापा मारत बसला.

हे मी मोठ्यानं बोललो. बोलायला नको होतं.

"फलाट बंद झाला म्हणून पुढच्यांचे नंबर बदलतात?" तात्या उभेच राहिले. "कुठला शहाणा बसवलाय वर? आमच्याकडं पाचाचं काँक्रीट निघालं तेव्हा पाटी लावली, 'फलाट बंद', आणि सहा तो सहाच राहिला! चिपळूणची गाडी लागायची तिथं, कुंभार्ली घाटानं. उद्या पाटणला उतरणारा माणूस पंढरपूरला जाऊन उठला तर जबाबदार कोण? एकदा तर असं झालं..."

एकदा काय झालं ते ऐकण्यात वीस मिनिटं गेली. त्यात एक वऱ्हाड होतं, दोन कोंबड्या होत्या, आणि निलंबित होता होता वाचलेला एक कंडक्टर होता. चहा दुसऱ्यांदा आला. रेघ लुकलुकत होती.

मग तात्या बसले आणि म्हणाले, "सोपं आहे. सातवर होती, मागचा एक फलाट गेला, म्हणजे आता सहावर. सहावर बघा."

मी सहाच टाइप करणार होतो. बोट सहाच्या आकड्यावर होतं. देवाशपथ. पण त्याच क्षणी बायको कप न्यायला आली, आणि तिनं जे ऐकलं ते एवढंच: तात्या म्हणाले सहा, ह्यांनी दाबलं सहा, आणि पडद्यावर फायलींची नावं आली.

पत्ता बदलून दिला. 'इन्समॉड नॉर्मल'. एंटर. मग नुसतं 'नॉर्मल'. एंटर. मेनू अवतरला.

"नॉर्मल म्हटलं की नॉर्मल होतं?" तात्यांनी विचारलं. "घरी म्हणून बघतो."

आधी फुकटचीत शिरून ग्रब नव्यानं बसवला, म्हणजे दुखणं पुन्हा नको. हे काम तात्या खिडकीतून पार्किंग बघत असताना झालं, त्यामुळं त्याला साक्षीदार नाही. मग विकतची उघडली. तात्यांनी कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं, आणि चेहरा टाकला. "अकरा दहा झालेत. हा पाच चाळीस सांगतोय."

त्याचंही कारण आहे. फुकटची सिस्टीम आतल्या घड्याळात जागतिक वेळ लावून ठेवते, आणि विकतची तीच आपली समजते. भारतात राहिल्याची शिक्षा साडेपाच तास. पण सांगण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता.

"साडेपाच तास लेट," तात्या खोल आवाजात म्हणाले. "घाटात दरड आली होती, तेव्हासुद्धा आमची गाडी तीन तासांत निघाली."

नोटीस निघाली. तात्यांनी सही केली आणि कागद परत माझ्यापुढं सरकवला. ऐनवेळच्या विषयांच्या वर एक विषय वाढवायचा होता. सांगतील तसा मी टाइप केला, त्याच फॉन्टात: 'सोसायटीच्या दप्तराचा संगणक सुरू करून दिल्याबद्दल मा. चेअरमन यांच्या अभिनंदनाचा ठराव.' सूचक, दुसरा मजला. अनुमोदक म्हणून माझं नाव आहे.