पत्रा आभाळानं ओढून नेलेला नाही

एप्रिल-मे आला, वळवाचं वारं सुटलं की सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. सोबत अमेरिकेतल्या टोर्नेडोचा व्हिडिओ आणि खाली मजकूर: टोर्नेडोच्या पोटात निर्वात पोकळी असते, ती व्हॅक्यूम क्लीनरसारखी वस्तू वर ओढते, तळ्यातलं पाणीसुद्धा शोषून घेते, आपली वावटळ हे त्याचंच धाकटं भावंड, म्हणून वादळ आलं की दारं-खिडक्या सताड उघडा, नाहीतर घर फुग्यासारखं फुटेल. यंदा हा मेसेज आमच्या मामांनी पाठवला. शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो, कारण मामांचं घर पत्र्याचं आहे.

आधी ती पोकळी. टोर्नेडोच्या मध्यात दाब कमी असतो, हे खरं. पण किती कमी? २००३ साली अमेरिकेत साउथ डकोटातल्या मँचेस्टर गावाजवळ टोर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या यंत्रानं १०० हेक्टोपास्कलची (हे हवेचा दाब मोजायचं माप) घट नोंदवली, आणि एवढी घट म्हणून ती नोंद गाजली. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ च्या आसपास असतो. म्हणजे इतक्या दांडग्या वादळातही दहातला एक भागच कमी झाला होता. याला पोकळी म्हणायचं तर अर्धा कप चहा कमी आला की कप रिकामा म्हणावा लागेल, आणि हा तर अर्धाही नाही.

तळ्याचं पाणी शोषण्याची गोष्ट मामांना त्यांच्या विहिरीवरून कळावी. काठावरची मोटर पाणी ओढते. पण उन्हाळ्यात पाणी पंचवीसेक फुटांच्या खाली गेलं की नुसती घरघरते. फूटव्हॉल्व्ह बदला, पाइपात पाणी भरून पुन्हा चालू करा, थेंब येत नाही. शेवटी दोर लावून मोटरच खालच्या टप्प्यावर उतरवावी लागते. कारण मोटर फक्त पाइपातली हवा काढते, पाणी वर रेटते ती बाहेरची हवा. पाइपात अगदी पूर्ण निर्वात झाली तरी हा रेटा साधारण १० मीटरला थकतो. १०० हेक्टोपास्कल म्हणजे त्याचा दहावा हिस्सा, १ मीटर. मँचेस्टरचं वादळ आणून हिप्परग्याच्या तलावावर उभं केलं, तरी नुसत्या कमी दाबानं पाणी कमरेएवढं फुगेल, बस्स. व्हिडिओत पाण्यावर जी सोंड दिसते तो हवेतल्या वाफेचा झालेला ढग असतो. तळाशी उडतात ते वाऱ्यानं उधळलेले तुषार.

मग वस्तू उचलतं कोण? वाराच. कमी दाबाकडे जमिनीलगत चहूबाजूंनी हवा धावत येते, मध्याजवळ तिला वरचीच वाट उरते. हा वर जाणारा झोत वस्तूच्या पडण्याच्या वेगाहून जोरात असला की वस्तू उचलली जाते. पसरलेल्या चादरीला ताशी दहा-बारा किलोमीटरचा झोत पुरतो, सपाट पत्र्याला तीसेक, माणसाला दोनशेच्या आसपास. म्हणून दोरीवरची चादर आधी जाते, पत्रा मागून, आणि मोटारी बहुतेक वेळा जमिनीवरूनच कोलांट्या खात जातात.

वावटळीचं नातं जोडायची गरज नाही. टोर्नेडो गडगडाटी ढगाला जोडलेला असतो; वावटळ निरभ्र दुपारी तापलेल्या रानातून उठते, पाचोळा आणि पिशव्या फिरवते आणि विरते.

आता दारं-खिडक्या. ताशी ९० किलोमीटरचा वारा उघड्या दारातून आत शिरला तर पत्र्याला खालून चौरस मीटरला तीसेक किलोचा रेटा देतो. त्याच वेळी वरून वाहणारा वारा पत्रा वर खेचतो. (इथं ओढ खरी आहे, मेसेजवाल्याला अर्धा गुण, पण ती वेगाच्या वाऱ्याची ओढ, पोकळीची नव्हे.) १० बाय ३ फुटांचा, अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा ११ किलोंच्या आसपास भरतो. त्याच्याखाली नुसता आतला रेटाच ऐंशी-नव्वद किलोंचा. वारा दुप्पट झाला तर रेटा चौपट. बंद घर दाबानं फुटायचं म्हटलं, तर पत्र्याच्या घराला फटी कुठं कमी असतात? आतला-बाहेरचा दाब त्यांतूनच जुळतो. पडझडीच्या फोटोंत घर आतून फुटल्यासारखं दिसतं, कारण छप्पर गेल्यावर आधार सुटलेल्या भिंती बाहेर कोसळतात. अमेरिकेतही एकेकाळी खिडक्या उघडायला सांगत. तो सल्ला तिथं केव्हाच मागे घेतला गेला.

मामांना फोन करून सांगितलं: दारं लावा, पत्र्याचे हुक आवळून घ्या, पत्र्यावरचे दगड उतरवा, पत्रा उलटला तर ते कुणाच्या तरी डोक्यात पडतील. मामांनी दुसऱ्याच दिवशी माणूस लावून हुक आवळून घेतले. दगड मात्र अजून वरच आहेत. "आमच्या वडलांनी ठेवलेत," म्हणाले.