वेसण घातलेला संगणक

लातूरच्या आडत बाजारातील आमच्या दुकानात १९९७ पासून राबणारा १६६ मेगाहर्ट्‌झचा पेन्टियम ऐन सोयाबीनच्या आवकेत धूर सोडून निवर्तला आणि मी ४२,००० रुपयांचा नवा संगणक आणला, एवढी पार्श्वभूमी पुरे. डिस्क वाचली, म्हणून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, काढणारा, मेहुण्याने टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्रामही वाचला; परंतु ६४ बिटच्या विंडोजने त्या १६ बिटच्या म्हाताऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवले. दुरुस्तीवाल्या पोराने मग नव्या संगणकात जुन्या संगणकाचे सोंग आणणारा डॉसबॉक्स बसवला, नव्या प्रोसेसरच्या कौतुकाने त्याचा वेग कमाल ठेवला, आणि पडद्यावर उमटले : ‘रनटाइम एरर २००’.

पट्टीसाठी सकाळपासून पोत्यावर बसलेले औशाकडचे आजोबा पुढे सरकले. ‘‘कामून थांबलंय ओ?’’

मी पोराचेच शब्द त्यांना ऐकवले : सुरू होताना हा प्रोग्राम ५५ मिलिसेकंदांत आपल्या किती फेऱ्या होतात ते मोजतो, त्या संख्येला ५५ ने भागतो, आणि उत्तर ६५,५३५ च्या पुढे गेले की तिथेच मान टाकतो.

‘‘म्हंजी लई पळायलंय म्हणून पडायलंय?’’

‘‘होय.’’

‘‘माळेगावच्या जत्रंतून म्या असंच एक देवणी खोंड आणलं होतं. तिफणीला जुपलं की उधळायचं. चाड्यावर बाई मूठ सोडंस्तोवर हे दहा पावलं पुढं. ज्वारी उगवली ती हात-हात अंतरावर. सोयरे बांधावर उभं राहून हसायलेत! मग वेसण घातली अन् नातू कासऱ्याला लोंबकळत ठेवला. याला वेसण नाही का?’’

होती. पोराने कंट्रोल आणि एफ-११ दाबत दाबत वेग इतका उतरवला, की प्रोग्राम १९९७ च्याच चालीने चालू लागला. प्रोसेसर विकणारे वेगाचा आकडा खोक्यावर ठळक छापतात; जुन्या कामाची त्याने काय गत होईल, हे मात्र कोणी बारीक अक्षरातही छापत नाही, आणि तो भुर्दंड आमच्यासारख्यांनीच सोसायचा.

आजोबांनी पट्टी बोटाने ओळ-ओळ तपासली. ‘‘जुनंबी एवढ्याच वेळात द्यायचं की,’’ ते म्हणाले, आणि हमाली चार रुपयांनी जास्त लागल्याचे दाखवून ते चार रुपये घेऊनच उठले.

वेग कमी करण्याचे पोराने ५०० रुपये घेतले. मी हट्टाने पावती मागितली. त्याच्या छापील पावतीवर या कामासाठी रकानाच नव्हता, म्हणून त्यातल्या त्यात जवळच्या ओळीसमोर त्याने रक्कम भरली : ‘संगणकाचा वेग वाढविणे’.