अराकूची कॉफी बंद करून कोणाचं भलं होणार?

अराकू म्हणजे आंध्र प्रदेशातलं, पूर्व घाटातलं खोरं. ‘तिथली अराकू कॉफी घेऊ नका, ती आदिवासींची लूट आहे’ असा लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यातले मुद्दे चार. दर्जेदार कॉफी मोठ्या इस्टेटींनाच जमते, लहान शेतकऱ्याला नाही; ‘स्पेशालिटी’ म्हणजे खास दर्जाची कॉफी, हा नुसता छापील शिक्का; कॉफीपायी पूर्व घाटातलं जंगल गेलं; आणि शेतकऱ्याच्या हातात दमडीही पडत नाही. हे वाचून माझ्या वहिनींनी घरी येणारी अराकू कॉफी बंद केली, तीही आदिवासींच्या कळवळ्याने. चांगल्या माणसांच्या हातून वाईट काम करून घेणारा मजकूर आहे हा, म्हणून लिहायला बसले.

पहिला मुद्दा सर्वांत खोटा आणि सर्वांत अपमानास्पद. २०१९ साली कूर्ग, वायनाड, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू इथल्या कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हाचं केंद्र सरकारचं पत्रक वाचा. देशात कॉफी पिकवणारे ३.६६ लाख शेतकरी आणि त्यांतले ९८ टक्के लहान, असं त्यात स्पष्ट दिलंय. अराकूची कॉफी ९०० ते ११०० मीटर उंचीवर आदिवासी शेतकरी पिकवतात, भर सेंद्रिय आणि हिरवळीच्या खतांवर असतो, हेही त्यातच आहे. मग ‘जमत नाही’ हे कोणी ठरवलं?

आणि काय जमवावं लागतं तेही बघा. कॉफीच्या एकाच घोसात हिरवं, पिवळट आणि लालबुंद फळ शेजारी शेजारी असतं. सगळं एकदम ओरबाडलं तर काम लवकर उरकतं, पण कच्च्या फळाचा तुरटपणा कपात उतरतो. म्हणून एका हंगामात त्याच झाडाकडे तीन-चारदा जावं लागतं. तोडलेली फळं पाण्यात टाकायची, तरंगतील ती बाजूला काढायची. साल त्याच दिवशी निघाली पाहिजे, ढिगात राहिलेलं फळ आंबतं. मग बीवरचा बुळबुळीत थर सुटेपर्यंत टाकीत ठेवायचं, धुवायचं, जाळीवर पातळ पसरायचं, ओलावा अकरा-बारा टक्क्यांवर येईपर्यंत पुन्हा पुन्हा हलवायचं आणि दव पडायच्या आत झाकायचं. एक-दोन एकरांत घरचीच माणसं राबतात तेव्हा प्रत्येक फळावर नजर राहते.

‘स्पेशालिटी’चा शिक्का असाच मिळत नाही. प्रशिक्षित परीक्षक चव घेऊन शंभरपैकी गुण देतात, ८० च्या खाली ती कॉफी स्पेशालिटी नाही. त्याआधी ३५० ग्रॅम न भाजलेल्या बिया निवडून पाहतात. मोठा दोष असलेली एकही बी चालत नाही.

जंगलाचं म्हणाल तर अराकूत पिकते ती अरेबिका जातीची कॉफी, आणि ती आपल्याकडे झाडांच्या सावलीत घेतात. इथल्या आदिवासींच्या शेतात कॉफी पसरली ती पोडूला, म्हणजे जंगल जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीला, पर्याय म्हणून. सावलीसाठी सिल्व्हर ओक लावतात, त्यावर मिरीचे वेल चढवतात. सिल्व्हर ओक परका आहे, त्याने मूळ रान परत येत नाही, हे कबूल. पण जळून बोडक्या झालेल्या उतारापेक्षा ते कितीतरी बरं.

शेवटच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. गुण कपाला मिळतात, शेतकऱ्याला मिळालेल्या दराला नाही. पाकिटावर गावाचं नाव छापलं म्हणून त्या गावाला जादा पैसे पोचलेच असं नसतं. पीक वर्षातून एकदा येतं, पावसाळ्यात घरात पैसा नसतो. व्यापारी उचल देतो आणि मग माल त्याच्याच दारात, त्याच्याच दराने जातो. लूट होते ती इथे. तिच्यावर उतारा म्हणजे दुसरा खरेदीदार: हंगामाआधी दर जाहीर करणारं आंध्र सरकारचं गिरिजन सहकारी महामंडळ, किंवा नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने उभी राहिलेली लहान शेतकऱ्यांची सहकारी संस्था. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तर या खरेदीदारांचे हात आखडतात आणि उचल देणारा तेवढा उरतो. त्यामुळे खरेदी बंद करू नका, विक्रेत्याला विचारा: कोणत्या संस्थेकडून घेतली, शेतकऱ्याला किलोमागे किती दिले? जो आकडा सांगेल त्याच्याकडून घ्या.