टीप आली, पण मूल कुठे आहे?

चर्चेत आकड्यावरूनच ठिणगी पडली. २०२३ साली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेच्या सायबर टिपलाइनवर बालकांच्या लैंगिक शोषणाचे ३ कोटी ६२ लाख अहवाल आले. त्यांतले सुमारे ८९ लाख भारताशी जोडलेले. मास्तर हादरलेच. "एवढ्या पोरांचे हाल आपल्याकडे होतात?"

"मास्तर, आकडा अहवालांचा आहे, मुलांचा नाही," फौजदार म्हणाले. सायबर सेलमधून निवृत्त झालेला माणूस, तोलून बोलतो. "एकच जुनी क्लिप हजार जणांनी पुढे ढकलली की हजार अहवाल. अमेरिकी कंपनीला असं काही सापडलं की तिथल्या कायद्यानं कळवावंच लागतं. एनसीएमईसी आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, देश ठरवते. एप्रिल २०१९ मध्ये आपल्या एनसीआरबीनं, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं, तिच्याशी करार केला, तेव्हापासून हे अहवाल, म्हणजेच टिपा, दिल्लीहून राज्यांकडे येतात. आपल्याकडे महाराष्ट्र सायबर, मग जिल्हा, मग पोलीस ठाणं. अशा क्लिपा पसरवणाऱ्यांविरुद्धचं २०२० चं 'ऑपरेशन ब्लॅकफेस' अशाच टिपांवर उभं राहिलं."

"आणि ठाण्यात आल्यावर घोळ होतो," नेटवर्कवाला म्हणाला. "टीपमधली वेळ असते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. समजा १४ मार्च, २०:१५. आपल्या घड्याळात ती १५ मार्चची पहाट, पावणेदोन. साडेपाच तास मिळवायचे राहिले की मोबाइल कंपनी १४ च्या रात्री सव्वाआठचा ग्राहक काढून देते. तिसऱ्याच माणसाच्या दारात पोलीस! वर एका आयपीमागे एकाच क्षणी शेकडो मोबाइल असतात. म्हणून कंपनीला लिहायच्या पत्रात आयपी, सेकंदापर्यंत वेळ आणि सोर्स पोर्ट, म्हणजे त्या गर्दीतली एक जोडणी वेगळी ओळखणारा आकडा, तिन्ही लागतात. पोर्ट नसेल तर हाती नावांची लांबलचक यादी येते, दुसरं काही नाही."

"उशीर झाला की तीही येत नाही," फौजदार म्हणाले. आपल्या कंपन्यांना या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात, डिसेंबर २०२१ पासून. अमेरिकेत कळवलेला मजकूर पूर्वी ९० दिवसच राखून ठेवायची सक्ती होती, मे २०२४ च्या कायद्यानं ती वर्षभराची झाली. म्हणून त्यांचा आग्रह असा की टीप हातात पडताच 'डेटा राखून ठेवा' हे पत्र त्याच दिवशी जावं. खात्याची जुजबी माहिती कंपन्या नोटिशीवर देतात. चॅटमधला मजकूर हवा असेल तर २००५ पासून लागू असलेल्या भारत-अमेरिका करारानुसार गृह मंत्रालयामार्फत जावं लागतं, त्यात महिने जातात. मुलाच्या जिवाला धोका असेल तर तातडीच्या विनंतीचा वेगळा मार्ग आहे, तो बऱ्याच ठाण्यांत कुणाला आठवतच नाही.

वकिलाला हे सगळं पटत होतं, पण त्याचं दुखणं पुढचं. फोन जप्त करताना हॅश, म्हणजे फाइलचा बोटाच्या ठशासारखा आकडा, काढला नाही, नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन्ही भागांसह जोडलं नाही, की पुरावा कोर्टात लंगडा पडतो. प्रमाणपत्राची सक्ती जुन्या पुरावा कायद्याखाली २०२० साली पक्की झाली तीही आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात.

ताई इतका वेळ गप्प होत्या. बालकल्याण समितीपुढे मुलांबरोबर उभं राहायचं त्यांचं काम. "तुम्ही सगळे पाठवणाऱ्याच्या मागे आहात," त्या म्हणाल्या. "फोटोतल्या मुलाचं काय?"

तिथून चर्चेचा नूरच पालटला.

"ज्याचा हॅश कुठल्याच यादीत नाही तो फोटो आधी उघडा," ताई म्हणाल्या. "तो नवा आहे. ते मूल कदाचित आज रात्रीही त्याच खोलीत असेल. इंटरपोलच्या आयसीएसई या शोषित मुलांच्या फोटो-व्हिडिओंच्या डेटाबेसमध्ये २०२२ साली भारत सीबीआयमार्फत ६८ वा देश म्हणून जोडला गेला. तिथे चेहऱ्याइतकीच मागची भिंत बघतात. स्विचबोर्डची घडण, कॅलेंडरची लिपी, दप्तराचा रंग, मागे चालू असलेल्या टीव्हीची भाषा. त्यावरून देश, मग गाव, मग घर."

"घर," वकील म्हणाला. "तिथेच अडतं. अशा खटल्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. बाप, काका, शेजारी. चोवीस तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं, जबाब मुलाला हवा तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. हे पोक्सोत, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यात, स्वच्छ लिहिलंय."

"लिहिलंय ना!" ताई म्हणाल्या. "पण घरात कमावता तोच असेल तर आई आठवड्यात जबाब फिरवते. तिला बोल लावू नका, तिच्यापुढे भाड्याचा प्रश्न असतो. आणि आपण करतो काय? मुलाला उचलून बालगृहात ठेवतो. शाळा सुटते, मित्र सुटतात. त्याला वाटतं, शिक्षा मलाच झाली."

"मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सोबत चालवा ना," वकील पुढे सरकून म्हणाला. "कलम १९ खाली पुरुष आरोपीलाच राहत्या घरातून बाहेर काढता येतं. कलम २० मध्ये आईला खर्च, २१ मध्ये मुलाचा तात्पुरता ताबा, २३ मध्ये एकतर्फी अंतरिम आदेश. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज द्यायचा. पोक्सोचा गुन्हा नोंदतानाच हाही अर्ज भरला तर मूल आपल्याच अंथरुणात झोपेल."

"जामिनावर तो परत आला तर?"

"कलम १८ चा संरक्षण आदेशही सोबत घ्यायचा. तो मोडला की कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद."

"कागदावर," ताई म्हणाल्या. "संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर आधीच ढीग असतो. दिल्लीहून टीप पाठवणाऱ्याला पत्ताही नसतो की शेवटी सगळं त्या टेबलाशी येऊन थांबलंय."

मास्तरांनी मोबाइल पुढे केला. शाळेच्या ग्रुपवर 'हा नराधम ओळखा, सगळीकडे पाठवा' असं लिहून कुणीतरी क्लिप टाकली होती.

"उघडू नका, पुढेही पाठवू नका," फौजदार एकदम म्हणाले. "हेतू चांगला असला तरी पाठवणं गुन्हाच आहे. आणि कुणालाही न कळवता नुसती साठवून ठेवणं कसं गुन्ह्यात बसतं, ते सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलंय. पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. मूल कोण हे कुणाला माहीत असेल तर आत्ता मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर लावा."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहिली.