मलेशिया सहलीच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मुंबई विमानतळावर चेक-इनच्या काउंटरशी तुमच्या आईंना ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. त्यांच्या वयाला हा त्रास नको होता.

पण तुम्ही लिहिलंय, 'व्हिसा लागत नाही म्हणाले आणि ऐनवेळी फॉर्म काढला. महिनाभर आधी पैसे घेऊन हे लोक झोपा काढत होते.' बाकी काही लिहिलं असतं तर गप्प बसलो असतो, पण झोपा काढत होते हे लागलं. त्यात अख्खं जळगाव हे वाचतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. राग मानू नका.

मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून आपल्या पासपोर्टला 30 दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आहे. तेच मी सांगितलं. सोबत डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे पोचायच्या आधी ऑनलाइन भरायचा माहितीचा फॉर्म, भरावं लागेल, हेही तिकीट काढतानाच सांगितलं होतं. पावतीच्या मागे माझ्या भाच्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे, काढून बघा. आता हे कार्ड तिथे उतरायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. तुम्ही मुंबईहून निघालात शुक्रवारी रात्री, क्वालालंपूरला पोचलात शनिवारी सकाळी. हिशोब शनिवारपासून मागे धरायचा, शुक्रवारपासून नाही. बुधवारच्या आधी मीच काय, कोणीही बसलं असतं तरी तो फॉर्म भरला गेला नसता. रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी मिळतं म्हणून चार्टही तेव्हाच लावा म्हटलं, तर लावतील का?

बुधवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तुम्हाला मेसेज टाकला, की सगळ्यांच्या पासपोर्टचे फोटो पाठवा. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. दुपारी फोन केला तर मागे डीजे वाजत होता. पाचोऱ्याला हळदीत होतात, लग्नसराईच आहे, मी समजू शकतो. फोटो आले गुरुवारी संध्याकाळी.

चौघांचे फोटो स्वच्छ होते. आईंचा पासपोर्ट मात्र ट्यूबलाइटखाली, प्लॅस्टिकचं कव्हर न काढता धरलेला, नंबरच्या शेवटच्या आकड्यांवर धरणाऱ्याचा अंगठा, आणि खालच्या छापील दोन ओळी फोटोत आल्याच नाहीत. फोटो मोठा करून पाहिला. अंगठ्याच्या कडेला जे अर्धं दिसत होतं ते भाचा म्हणे 3, मला वाटे 8. जुना नंबर आमच्याकडे होता, पण जुन्या पासपोर्टला सहा महिने शिल्लक नव्हते म्हणून मीच मागे लागून नवा करायला लावला होता, हे तुम्हाला आठवत असेल. (ते केलं नसतं तर आईंना विमानात बसूच दिलं नसतं. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख नाही, असो.) पासपोर्टचा नंबर अंदाजाने भरत नसतात. म्हणून परत फोटो मागितला. 'हो पाठवतो, गाडीत बसतोय' एवढं आलं आणि विषय संपला.

चौघांची कार्डं त्याच रात्री भरून पीडीएफ पाठवली. तुमच्या मोबाइलमध्ये आजही असतील. राहिलं ते फक्त आईंचं.

आता पैशाचं. काउंटरशी उभं राहून आईंच्या कार्डासाठी तुम्ही घाईत सर्चमध्ये सगळ्यात वर आलेली साइट उघडली आणि तिथे डॉलर कापले गेले. ते पैसे आमच्याकडे आलेले नाहीत. मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर हे कार्ड फुकट आहे. थायलंडने 1 मे 2025 पासून असंच कार्ड सुरू केलं, तेही फुकट आणि तेही तीन दिवसांतलंच. सिंगापूरचंही तसंच, फक्त तिथे आपल्याला व्हिसा वेगळा काढावा लागतो. अरायव्हल कार्डाला कोणी पैसे मागितले की तिथून मागे फिरायचं, एवढं बाकीच्यांनीही ध्यानात ठेवा. आम्ही माणशी जो चार्ज घेतला तो सगळी कागदपत्रं बघण्याचा, कार्डाचा नाही.

लंडनच्या चुलतभावाने अमेरिकेचं सहा महिने आधी करून ठेवलं, मग यांना का जमलं नाही, असंही तुम्ही विचारलंय. भाऊ, त्यांचा पासपोर्ट ब्रिटिश आहे. त्यांनी काढलं ते ईस्टा, म्हणजे व्हिसा न लागणाऱ्यांनी आधी घ्यायची परवानगी. ती दोन वर्षं चालते, नाकारलीही जाऊ शकते आणि तिची फी सप्टेंबर 2025 अखेरीस 21 वरून 40 डॉलर झाली. ते आधीच काढायचं असतं. कॅनडाची अशीच परवानगी पाच वर्षं चालते. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा काढून टाकला, पण ऑनलाइन परवानगी बऱ्याच देशांच्या लोकांना ठेवली, आपल्यालाही. तुमचं कार्ड या जातीचं नाही. ते एका प्रवासापुरतं, उतरायच्या तोंडावर भरायचं. नावं सारखीच वाटतात, गोंधळ होतो, मान्य. पण त्यावरून आम्हाला एक स्टार?

दुकान छोटं आहे. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून भुसावळच्या एका कुटुंबाने सिंगापूरचं बुकिंग थांबवलंय. 'तुम्ही लोकांना विमानतळावर अडकवता म्हणे,' असं विचारतात. सुट्टीचं सीझन हेच आमचं वर्षाचं पोट आहे.

यापुढे फोटो कसा काढायचा त्याचा छापील कागद देऊ, आठवणीचे फोनही वाढवू, अजून काय करता येईल ते बघतोय. आईंना नमस्कार सांगा. रिव्ह्यू काढून टाका असं म्हणत नाही, पण त्यात 'पाचही जणांचं काहीच केलेलं नव्हतं' असं आहे, तिथे पाचचं एक तेवढं करा.